धुऱ्यावरचा कॅमेरा

शिवलाल. घ्या, घेतलं मी नवऱ्याचं नाव. आमच्यात बाया अजून बी नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'हेमेंद्रचे बाबूजी' म्हणाचं, नाही तं नुसतं 'हे'. मी बी लग्न झाल्यापासून तेच करत आली. पण मागच्या साली साऱ्या गावानं त्या नावाची पार माती केली, मंग मीच एकटीनं ते जपून कायले ठेवू? शिवलाल माझा नवरा, मी गोमती, अन् हे जे सांगून राहिली ते आमच्या बांधीतल्या सारसायचं अन् त्यायच्यावर लावलेल्या कॅमेऱ्याचं हाय. मधात बोलू नका, मले राग लवकर येते.

आमचं गाव बिरसीच्या विमानतळाच्या अंगानं. डोक्यावरून दिवसभर विमान शिकणाऱ्या पोरायचे इवले इवले विमानं घरघरत जातेत. त्याची ना आम्हाले पर्वा, ना सारसाले. सारस पाहिला का तुम्ही कधी? उभा राहिला तं माझ्या खांद्याच्या वर जाते. राखडी अंग, लाल मुंडकं, अन् सदा जोड्यानं. एकानं मान वर करून आवाज दिला का दुसरा त्याच दमात जवाब देते, अन् तो आवाज बांध्या-बांध्यातून घुमत आमच्या चुलीपाशी येते. इकडंच काय ते थोडे उरले म्हणतेत. मोजाले लोक येतेत दुर्बिणी घेऊन.

रोवणी झाली का हे जोडे बांधीत घरटं घालतेत. बांधी म्हणजे धानाचा तुकडा, चारी अंगानं मातीचा धुरा अन् मधात पाणी. अन् यायचं घरटं म्हणजे काय, तं आम्ही कंबर मोडून रोवलेला धान उपटाचा, त्याचा ढीग घालाचा अन् वर ऐटीत बसाचं! मागच्या साली आमच्या बांधीत घातलं. ह्यांनी पाहिलं अन् धुऱ्यावर उभे राहून अशा शिव्या घातल्या का बस. "तुमच्या बापानं रोवला का रे हा धान? मानच पिरगाळतो एकेकाची!" साऱ्या शिवारानं ऐकलं. शिव्या देऊन घरी आले, पाणी पेले अन् मले म्हणतेत, "त्या बांधीत निंदाले बाया नको पाठवू. बसली हाय बिचारी अंड्यावर." हे मात्र कोणीच ऐकलं नाही.

मंग एक दिवस घरटं रिकामं. टरफलं तेवढी पडलेली. मोजणारे लोक आले, जंगलखात्याचा माणूस आला, विचारपूस झाली. आमच्या धुऱ्याले धुरा लागून केशोरावची बांधी हाय. हा केशोराव पानठेल्यावर बसून म्हणे, "शिवलालशिवाय कोण फोडणार? मान पिरगाळतो म्हणताना माझ्या कानानं ऐकलं मी." झालं! गावाले तेवढंच पाहिजे होतं. पोरं 'अंडेफोड्या' म्हणाले लागले. एका लग्नाच्या पंगतीत कोणीतरी ओरडलं, "काकाजीले अंड्याची भाजी वाढा गा!" अन् सारी पंगत खिदळली. मी ताट सोडून उठली. हे मात्र खाली मान घालून जेवत राहिले. ज्या माणसाचा आवाज चार बांध्या ओलांडून जाते, त्यानं तवापासून गावात आवाज काढला नाही. मले शिव्या खपतेत, ते गप बसणं खपत नव्हतं.

औंदा रोवणी आटपली अन् तोच जोडा त्याच बांधीत आला. हे पळत घरी आले. "गोमती, आले!" म्हणाले, अन् लहान पोरावाणी हसले. मंग एकदम तोंड उतरलं. "औंदा बी काही झालं तं मले या गावात राहणं मुश्कील हाय," म्हणाले. तिथून कॅमेऱ्याचं निघालं.

गोंदियात हर्षाबाईचं कॅमेऱ्याचं दुकान हाय. बाई स्वतः शिडीवर चढते, स्वतः भिंतीत ड्रिल मारते, अन् गिऱ्हाइकाले स्वतःच झापते. मले पाहताक्षणी आवडली. आम्ही दोघं गेलो तं तिनं पहिलाच सवाल टाकला, "काका, पहले ये बोलो, देखना क्या है? कॅमेरा मंग ठरवू."

"चोर," हे म्हणाले.

"घरात का दुकानात?"

"बांधीत."

हर्षाबाई हसली नाही. खुर्ची ओढली अन् साऱ्या गोष्टी ऐकून घेतल्या. मंग काउंटरवर एकेक कॅमेरा मांडत गेली. हा गोल डब्यासारखा घरातला, आपल्या कामाचा नाही. हा लांब नळकांड्याचा बाहेरचा, पाणी-पाऊस खाते. हा सिमकार्डवाला, वर सोलर पत्रा, कुठं बी ठोका. ह्यांची नजर त्या सोलरवाल्यावर बसली.

"हा नका घेऊ," हर्षाबाई म्हणाली. "यातलं चित्र यातच कार्डावर राहते. कॅमेरा उपटून नेला तं चोर बी गेला अन् पुरावा बी. बांधी घरापासून किती लांब हाय?"

"घरामागं सांदवाडी, तिच्या मागंच," मी म्हटलं. "परसाच्या कुंपणावरून दिसते."

"मंग वायर टाकू. एकाच वायरीतून करंट जाते अन् चित्र येते. रेकॉर्डर तुमच्या घरात, कपाटात, कुलपात. लाईट गेली तं इन्व्हर्टरवर चालन. कॅमेरा कोणी फोडला बी, तं फोडणाऱ्याचं थोबाड आधीच घरी पोचलेलं राहीन."

हे ऐकून ह्यांचे डोळे चमकले. मंग काचेची भानगड निघाली. चौडा दाखवणारा घेतला तं सारा शिवार दिसन, पण माणूस मुंगीएवढा. लंबा दाखवणारा घेतला तं एकच जागा दिसन, पण मिशीचे केस मोजून घ्या. "दोन्ही एकात नाही भेटत काका, ठरवा." ह्यांनी लगेच ठरवलं. धुऱ्यावरून बांधीकडं येणारी वाट पाहिजे, अन् येणाऱ्याचं तोंड साफ दिसलं पाहिजे. एकच कॅमेरा, वाटेवर.

"अन् पाखरं?" मी विचारलं.

"पाखरायचं काय पाहाचं? ते काय पळून जाणार हायत?"

माझं डोकंच सटकलं. दुकानात, चार लोकायच्या समोर. "अंडे पाखराखाली हायत का तुमच्या धुऱ्याखाली? तुम्हाले माणसायचे थोबाडं पाहाचे तं पाहा. मले माझे सारस पाहाचे हायत. माझ्या अंगणातल्या भाजीचे, दुधाचे पैसे हायत माझ्यापाशी, दुसरा कॅमेरा माझा!"

हर्षाबाई म्हणे, "काकू सही बोल रही हैं." असे आमचे दोन कॅमेरे झाले, एक वाटेवर अन् एक घरट्यावर. निघता निघता तिनं रेकॉर्डरचं समजावून दिलं. त्याच्या पोटात दोन-तीन हप्त्याचं चित्र राहते. पोट भरलं का तो जुनं पुसून त्यावर नवं चढवते, आपोआप. "काही ठेवाचं असलं तं वेळेत फोन करा, मी पेन ड्राइव्हवर काढून देईन. नंतर माझ्या हाती काही नाही."

जंगलखात्याच्या माणसाले विचारूनच काम केलं. तो म्हणे, घरट्याच्या जवळ कोणी जायाचं नाही, जे कराचं ते दूरच्या धुऱ्यावरून. हर्षाबाई आली ती लोखंडी पाइप सोडून बांबू घेऊन आली. लोखंड उन्हात चमकते अन् पाखरू बिचकते म्हणे. पांढऱ्या कॅमेऱ्याले तिनं चिखलात बुडवलेला पोत्याचा तुकडा गुंडाळला, नुसती काच उघडी ठेवली. वायर पाइपात घालून धुऱ्याच्या कडेनं पुरली, कारण आमच्या धुऱ्यात खेकडे अन् उंदीर, दोघंही कोणाचे सगे नाहीत.

बांबू ठोकताना मादी घरट्यावर उठून उभी राहिली. लांब मान ताठ केली. मी घाबरली, आता उडते का काय! हर्षाबाईनं हातोडी खाली ठेवली अन् आहे तशी चिखलात बसली. मान खाली घालून धुऱ्यावरचं गवत उपटाले लागली, जशी काही निंदाले आलेली बाई. जीन्स चिखलानं भरली, तरी हलली नाही. मादीनं बराच वेळ पाहिलं. मंग पाय मुडपले, पोटाखाली अंडे सरकवले अन् बसली. तवा कुठं हर्षाबाईनं हातोडी उचलली. मी सांगते तुम्हाले, पैसे घेऊन काम करणारे लय पाहिले, पण पाखराची मर्जी सांभाळून काम करणारी ही एकच पाहिली.

एक गंमत झाली ती बी सांगते, हसाचं असन तं हसा. नवी वस्तू घरात आली तं पूजा नको का? रेकॉर्डरपुढं नारळ फोडला, त्याले हळद-कुंकू लावलं, अन् धुऱ्यावर जाऊन दोन्ही कॅमेऱ्यायले बी कुंकू लावलं, बरोबर मधोमध. घरी येऊन पाहतो तं टीव्ही लाल! सारस लाल, धान लाल, आभाळ लाल. ह्यांनी घाबरून हर्षाबाईले फोन लावला का मशीन बिघडली. तिनं विचारलं, "काकू, काचेले काही लावलं का?" मी म्हटलं, "कुंकूच लावलं, दुसरं काय लावणार!" फोनवर हसून हसून तिले बोलणं होईना. मंग ह्यांनीच जाऊन ओल्या फडक्यानं पुसलं.

तिथून पुढं माझ्या घरात मालिका बंद. टीव्हीवर दोन चौकोन, डावीकडं वाट अन् उजवीकडं घरटं. दोन अंडे होते. मादी बसायची, नर चराले जायाचा. नर आला का ती उठायची, दोघं मान वर करून आवाज द्यायचे, मंग तो बसायचा अन् ती जायाची. रोज पाळी, एकदा बी चुकली नाही. चोचीनं अंडं इतकं हळू फिरवायचे का मी माझ्या लेकराले बी इतक्या हळू कूस पालटली नसन. एका दुपारी मुसळधार पाऊस आला, बांधीतलं पाणी घरट्याच्या काठाले लागलं. नर बसला होता. उठला, धानाचे बुडखे चोचीनं उपटून उपटून घरटं उंच केलं, भिजत, अन् पुन्हा बसला. मी टीव्हीपुढं हात जोडले. आमचाच धान उपटला होता, तरी जोडले.

हे मात्र डाव्याच चौकोनाले चिकटून. कोणी वाटेवरून गेलं का, "हा पाहा, केशोराव! काऊन थांबला इथं?"

"अवं, लघवीले थांबला असन. पाहू नका तिकडं!"

तरी पाहाचेच. अन् नुसतं पाहून भागत नव्हतं, सकाळ-संध्याकाळ स्वतः धुऱ्यावर चक्कर. ह्यांच्या मागं आमचा भुऱ्या. भुऱ्या म्हणजे आमचा कुत्रा, इवलासा होता तवा हेच त्याले रस्त्यावरून उचलून घेऊन आले. हे धुऱ्यावर उभे राहून घरट्याकडं पाहायचे, भुऱ्या ह्यांच्या पायाशी बसून तिकडंच पाहायचा. टीव्हीत मी दोघायले पाहाची अन् मले बरं वाटायचं का एकाले दोन राखणदार हायत.

पोळा आला. सकाळपासून बैलायची धांदल. मी शिंगायले लाल रंग लावत होती, भुऱ्या मधात मधात करे, म्हणून उरलेला रंग त्याच्या पाठीवर फासला. लाल पट्टा घेऊन साऱ्या गावात हुंदडून आला अन् पोरायनं हसून घेतलं. दुपारी सारा गाव तोरणाखाली. बैलं सजलेले, डफडे वाजून राहिले, शिवारात चिटपाखरू नाही. आम्ही दोघं बी तिथंच. वर्षभरानंतर हे चारचौघात उभे होते, बैलाचा कासरा धरून. मले लय बरं वाटलं.

बैलं घरोघर फिरवून परतलो तं परसाकडून सारसायचा आवाज. रोजचा नाही. तुटका, एकसारखा, थांबेचना. टीव्ही लावला. जोडा उभा, माना इकडं-तिकडं, अन् घरट्यात एकच अंडं.

ह्यांनी मंग रिमोट घेतला अन् चित्र मागं नेलं. डावा चौकोन, वाट. ह्यांनी दुपारपासूनचं सारं पाहिलं. "कोणी नाही," म्हणाले. पुन्हा पाहिलं. "गोमती, कोणीच नाही आलं!" मी रिमोट हिसकावला अन् माझा चौकोन मोठा केला.

मादी एकटी बसली होती. नर चराले गेलेला. धान हलला, अन् एक कुत्रा बाहेर आला. मादी उठली. पळाली नाही. तिनं पंख पसरले, बापा, इतके मोठे पंख का सारा चौकोन भरला. कुत्रा उजवीकडून आला तं ती उजवीकडं, डावीकडून आला तं डावीकडं. उडी मारून दोन्ही पायानं लाथा घातल्या. चोच मारली तं कुत्रा पाण्यात उलथला, पण पुन्हा आला. एका क्षणी ती एका अंगानं त्याले हाणत असताना त्यानं दुसऱ्या अंगानं तोंड घातलं अन् एक अंडं नेलं. तवाच वरून नर उतरला. दोघांनी मिळून कुत्र्याले असा झोडपला का तो शेपूट घालून धानात घुसला. मादीच्या मानेवरून रक्त येत होतं. ती उरलेल्या अंड्यापाशी आली, चोचीनं ते जवळ ओढलं अन् त्याच्यावर उभी राहून ओरडत राहिली. मी ढसाढसा रडली. असं काळीज माणसात बी लवकर दिसत नाही.

पण रडत असतानाच मी ते पाहिलं होतं, अन् ह्यांनी बी. कुत्र्याच्या पाठीवर लाल पट्टा होता.

डावा चौकोन पुन्हा लावला. भुऱ्या वाटेवरून आरामात चालत गेला होता, ह्यांच्यासोबत रोज जाते तसाच. आम्ही तो दोनदा पाहिला अन् दोनदा 'कोणी नाही' म्हटलं. आम्ही माणसायवर नजर ठेवून बसलो. घरच्या कुत्र्याले येणाऱ्या-जाणाऱ्यात कोण मोजते? अन् वाट त्याले दाखवली कोणी, तं ह्यांनीच, रोज दोन वेळा. ह्यांनी तोंड उघडायच्या आधीच ते माझ्या डोक्यात आलं.

भुऱ्या आला. चिखलानं माखलेला, कानापाशी चोचीची जखम. शेपूट हालवत ह्यांच्या पायाशी बसला. मले वाटलं आता ह्यांचा हात उठते. नाही उठला. ह्यांनी त्याची जखम धुतली, हळद लावली अन् बैलाच्या दाव्यानं त्याले खुंट्याले बांधला. मंग हर्षाबाईले फोन लावला का उद्या सकाळी ये, चित्र काढून पाहिजे.

ती सकाळीच आली. चित्र पाहिलं. पेन ड्राइव्ह हातात धरून म्हणे, "काका, हे कोणाले दाखवाचं हाय? मले तं कोणी विचाराले येणार नाही. नाही काढलं तं दोन-तीन हप्त्यात रेकॉर्डर स्वतःच पुसून टाकते. मिटवायची बी गरज नाही."

"ऐकलं का?" मी म्हटलं. "पुसू द्या. काही कराचंच नाही, फक्त गप राहाचं. भुऱ्याले मी खुंट्यावरून सोडत नाही, तुम्हाले शपथ देते."

हे उठले अन् रेकॉर्डरच्या कपाटाचं कुलूप उघडलं.

"काऊन बोलत नाही?" माझा आवाज चढला. "वर्षभर तोंड लपवून राहिले. कॅमेरा लावला तो नाव धुवाले लावला ना? अन् आता त्याच कॅमेऱ्यातून शेण काढून स्वतःच्या तोंडाले फासता? काल गाव म्हणत होतं तुम्हीच फोडले. उद्या म्हणन, पाहा, त्याच्याच घरचं निघालं! केशोराव पेढे वाटन, पेढे! पंगतीत मी बसू कशी, तेवढं सांगा!"

"पेन ड्राइव्हवर काढ बाई," हे हर्षाबाईले म्हणाले.

मी अंगणात जाऊन बसली. राग होता, भीती बी होती. हा माणूस आपल्या हातानं आपलं उरलंसुरलं घालवून राहिला, अन् मले त्याले थांबवता येत नव्हतं.

त्या दिवशी तान्हा पोळा. मारोतीच्या पारापाशी लेकरं लाकडाचे बैलं घेऊन रांगेत, त्यायचे मायबाप मागं, सारा गाव जमलेला. हे आमचा टीव्ही चादरीत गुंडाळून डोक्यावर घेऊन आले. हर्षाबाई वायर घेऊन मागं. पोरायले वाटलं सिनेमा हाय. समाजमंदिरातून लाईट घेतली, टीव्ही पारावर ठेवला अन् हे म्हणाले, "पाच मिनिटं पाहा. मंग बक्षिसं वाटा."

मादीनं पंख पसरले तवा बायायच्या तोंडून 'अगाई!' निघालं. तिनं पहिली लाथ घातली तं पोरं ओरडले, "हाण!" अंडं गेलं तवा पोरायचे हात खाली आले. अन् मंग कुत्रा वळला, पाठीवरचा लाल पट्टा साऱ्यायले दिसला. काल त्यायनंच त्या पट्ट्याले हसून घेतलं होतं. कोणाले काही सांगाची गरज पडली नाही. माझे कान असे तापले का मले फक्त माझाच श्वास ऐकू येई.

"हा माझा भुऱ्या होय," हे म्हणाले. आवाज तोच, चार बांध्या ओलांडणारा. वर्षभरानं ऐकला मी. "मी राखणीले जात होतो, तो माझ्या मागं येऊन वाट शिकला. मागच्या सालचं बी यानंच केलं का दुसऱ्या कुत्र्यानं केलं, मले माहीत नाही. ज्याले जे म्हणाचं ते म्हणा."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मी वळून अशी पाहिली का ते हसू तिथंच विझलं.

केशोराव उठला. आता हा काय ओकते म्हणून मी पदर खोचला. तो टीव्हीपाशी गेला, थांबलेल्या चित्राकडं पाहत राहिला अन् मंग ह्यांच्याकडं वळला.

"शिवलाल, हे तू नसतं दाखवलं तं आम्हाले कळलं असतं का गा?"

"नाही."

"तुले माहीत होतं लोक काय म्हणतीन?"

"माहीत होतं."

"मंग दाखवलं काऊन?"

ह्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जसं त्यानं काही वेड्यासारखंच विचारलं.

"एक अंडं अजून हाय ना गा घरट्यात. माझा कुत्रा मी बांधला. तुमचे मोकळेच हायत."

मी खाली मान घातली. सकाळपासून मी नाव, नाव, नाव करून राहिली होती. या माणसाच्या डोक्यात नाव नव्हतंच. त्याच्या डोक्यात ते एक अंडं होतं. इतकी वर्षं ज्याच्यासोबत संसार केला, ज्याचं नाव बी तोंडातून काढलं नाही, तो असा हाय हे मले त्या पारावर कळलं. मले त्याचा इतका अभिमान वाटला का छाती दुखाले लागली.

केशोरावनं चपला पायात घातल्या अन् घराकडं गेला. थोड्या वेळानं त्याच्या अंगणातून कुत्रे केकाटायचा आवाज आला. तो त्याचे दोन्ही कुत्रे बांधून राहिला होता. मंग घनश्याम उठला. मंग रामलाल. मंग बायाच पोरायले म्हणाले लागल्या, जा रे, आपला बी बांधून ये. लाकडाचे बैलं पारावरच राहिले अन् लेकरं कुत्र्यायच्या मागं पळाले.

त्या अंड्यातून पिल्लू निघालं, हे सांगून टाकते, नाही तं तुम्ही विचाराल. पिवळं-तपकिरी, पायात पाय अडकवत मायच्या मागं चालणारं. ते निघतपर्यंत गावातला एक कुत्रा सुटला नाही. कुत्र्यायले बांधून राहाची सवय नव्हती. पहिल्या रातीले साऱ्या गावात, घराघरातून, नुसतं रडणं चालू होतं, हूऽऽ हूऽऽ करत, कोणाले झोप नाही. सकाळी बाया नळावर तक्रार करत होत्या. मी मात्र हंडा भरून निघाली. त्या रातीले मी अंथरुणावर पडून तो साऱ्या गावाचा गोंधळ ऐकत होती, हे बाजूले घोरत होते, अन् वर्षभरात मले लागली नव्हती अशी झोप लागली.